पिवळ्या चिठ्ठीचा बाजार

लेस्टर, फेब्रुवारी २०२४



ब्रिटनमध्ये मंदी आली, हे फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी आकड्यांनीही कबूल केलं. २०२३ च्या शेवटच्या दोन्ही तिमाहींत अर्थव्यवस्था आक्रसली. इथल्या स्वयंपाकघरांना मात्र ही बातमी शिळी होती. मार्च २०२३ मध्ये खाण्यापिण्याचे जिन्नस वर्षभरापूर्वीपेक्षा १९ टक्के महाग होते. जानेवारी २०२४ मध्ये हा आकडा ७ टक्क्यांवर आला. म्हणजे भाव उतरले असं नव्हे, फक्त त्यांचं चढणं मंदावलं.

आपल्याकडे, सोनाळा गावात, आठवडी बाजार उठायच्या टायमाला ‘दहाले दोन वाटे’ अशी हाळी येते. इथे ते काम पिवळी चिठ्ठी करते. संध्याकाळी दुकानातला पोरगा हातात छोटं यंत्र घेऊन फिरतो आणि मुदत संपत आलेल्या दूध-पाव-मांसावर उतरलेल्या भावाच्या चिठ्ठ्या डकवतो. त्याच्या मागे चार पावलं अंतर राखून माणसं उभी असतात, डब्यांवरची बारीक अक्षरं वाचत असल्याचं दाखवत. घासाघीस करायची सोय नाही. तिची जागा कार्डाने घेतली आहे. टेस्को या सुपरमार्केटात एकाच वस्तूला दोन भाव, त्यांचं क्लबकार्ड असणाऱ्याला कमी. बदल्यात तुम्ही काय खाता याची नोंद दुकानाकडे जाते. आपल्या वाण्यालाही ते ठाऊक असतं म्हणा, पण तो उधारी देतो.

स्वस्ताईची लाज मात्र गेली. आल्डी या स्वस्त जर्मन साखळीने सप्टेंबर २०२२ मध्ये मॉरिसन्सला मागे टाकून ब्रिटनच्या सुपरमार्केटांत चौथा क्रमांक पटकावला.

चैन सुटत नाही, ती घरात येते. २००८ च्या मंदीत मार्क्स अँड स्पेन्सरने वाइनसकट दोघांचं जेवण १० पौंडांत विकायला काढलं. हॉटेल परवडेना, तर तेच ताट ओव्हनमध्ये तापवा. बेत चांगलाच चालला.

चैन कशाला म्हणायचं, हे इथे कर ठरवतो. साध्या बिस्किटावर व्हॅट हा विक्रीवरचा कर नाही, त्याला चॉकलेट फासलं की २० टक्के. केकवर मात्र चॉकलेट असलं तरी कर नाही! म्हणून चॉकलेट फासलेला ‘जाफा केक’ हा बिस्किट की केक, हा वाद न्यायाधिकरणापर्यंत गेला. शिळं बिस्किट मऊ पडतं, शिळा केक कडक होतो, असलेही मुद्दे तिथे तोलले गेले. १९९१ मध्ये निकाल लागला, केक. तो बनवणाऱ्या कंपनीचा कर वाचला.

इथे लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर, गुजराती दुकानांत, ज्वारीचं पीठ मिळतं. गव्हाच्या पिठापेक्षा महाग, म्हणून आमच्याकडे भाकरी रविवारीच थापली जाते. करखात्याच्या लेखी मात्र ते पीठ गरजेचंच, त्यामुळे व्हॅट शून्य.