तांब्यावर विरल आम्ल चालत नाही, मग तांब्याच्या भांड्यात ताक का कळकतं?

शाळेत हा प्रयोग अनेकांनी पाहिला असेल. एका परीक्षानळीत जस्ताचा तुकडा, दुसरीत तांब्याचा. दोन्हींत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल. जस्ताभोवती लगेच बुडबुडे येतात, तांबं मात्र ढिम्म. तरीही तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट ठेवू नये, असं घरोघरी सांगितलं जातं. असं का?

बुडबुडे कशाचे असतात?

आम्लाच्या द्रावणात हायड्रोजनचे धन आयन असतात. त्यांना इलेक्ट्रॉन हवे असतात. जस्ताचे अणू ते सहज देतात. मग हायड्रोजन वायू बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो आणि जस्त विरघळत जातं.

इलेक्ट्रॉन देण्याच्या या तयारीवरून धातूंची क्रमवारी लागते : मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त, लोखंड, कथील, शिसं, मग हायड्रोजन आणि त्याच्याही खाली तांबं, चांदी, सोनं. हायड्रोजनच्या वरचे धातू विरल आम्लातून हायड्रोजन बाहेर काढू शकतात, खालचे नाही.

मग ताक का कळकतं?

कारण इथे तिसरा भिडू असतो, हवेतला ऑक्सिजन. हायड्रोजनच्या आयनांना तांब्याकडून इलेक्ट्रॉन खेचता येत नाहीत, पण आम्ल सोबत असेल तर ऑक्सिजनला ते जमतं. तांबं हळूहळू ताकात उतरतं. बुडबुडे येत नाहीत, त्यामुळे डोळ्यांना काहीच दिसत नाही. तांबं जास्त प्रमाणात पोटात गेलं तर मळमळ, उलट्या, पोटदुखी होऊ शकते. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे 2 मिलिग्रॅम तांबं एवढी आहे.

कल्हई काय करते?

भांडं तापवून, नवसागर टाकून आतून कथलाचा पातळ थर चढवतात. कथील क्रमवारीत तांब्याच्या वर असलं, तरी अन्नातल्या सौम्य आम्लात ते फार हळू विरघळतं आणि तांब्याइतकं बाधत नाही. शिवाय तांबं-पितळ अन्नापासून दूर राहतं. थर झिजून आतलं तांबं दिसू लागलं, की पुन्हा कल्हई करावी लागते ती याचसाठी.

थोडक्यात, तांब्याच्या बाटलीत साधं पाणी ठेवा. लिंबूपाणी, ताक, कोकम सरबत यांच्यासाठी काच किंवा स्टीलच बरं.