दहा बोटांचे ठसे आणि एक जुनी नोंद

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालविणाऱ्या एका गृहस्थांनी आयुष्यभर सहीवर व्यवहार केला. हुंडी, धनादेश, करारपत्र यांपैकी कशावरही अंगठा उमटविण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. आपल्याकडे अंगठा म्हणजे निरक्षरतेची खूण. म्हणूनच शिकागोजवळ स्थायिक झालेल्या मुलीने, अमेरिकेची नागरिक झाल्यावर, आईवडिलांसाठी स्थायी वास्तव्याचा अर्ज दाखल केला आणि ‘मुंबईला जाऊन दहाही बोटांचे ठसे द्यावे लागतील’ असे कळविले, तेव्हा वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांना ते थोडे बोचले.

वास्तविक ठशांची ही पद्धत परदेशातून आलेली नाही, ती येथूनच तिकडे गेली. 1858 मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर सहीऐवजी पंजाचा ठसा घेतला. कराराचा शब्द उद्या नाकारला जाऊ नये, एवढाच त्यामागील हेतू होता. पुढे हुगळी येथे निवृत्तिवेतनधारकांचे ठसे घेण्यास त्याने सुरुवात केली, कारण मृताच्या नावे पेन्शन उचलली जाण्याची भीती तेव्हाही होती. 1897 मध्ये कलकत्त्यात ठशांचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. ठशांचे वर्गीकरण बसविण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा वाटा होता. पद्धतीला नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे मिळाले. 1901 मध्ये ती लंडनच्या स्कॉटलंड यार्डात पोहोचली. अवघ्या पाच वर्षांत ट्रान्सवालमधील हिंदी लोकांवर ठसे देऊन नोंदणी करण्याची सक्ती आली आणि 11 सप्टेंबर 1906 रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमधील सभेत गांधीजींच्या उपस्थितीत त्या कायद्यापुढे न झुकण्याची शपथ घेतली गेली. ठसा देताना वाटणारा संकोच असा शंभर वर्षांहून जुना आहे. आज मात्र परदेशी वास्तव्याचा परवाना मागणाऱ्या बहुतेकांना काचेवर बोटे ठेवावी लागतात.

या दांपत्याच्या बाबतीत आधी कागदपत्रांनीच परीक्षा पाहिली. अक्कांचे माहेरचे नाव वेगळे, लग्नात बदललेले नाव वेगळे. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव व ‘पाटील’ आडनाव, तर आधारवर पतीचे नाव आणि ‘जैन’. जन्मतारीख 1 जून. त्या पिढीतील किती मुलामुलींना गुरुजींनी शाळेत दाखल करताना 1 जूनलाच जन्माला घातले, याची गणती कोण करणार! खरी तारीख मिळाली ती तहसील कार्यालयातील कोतवाल बुकात. तीत मुलीचे नाव नव्हते, केवळ ‘अमुक यांस मुलगी’ एवढीच नोंद होती. त्या नोंदीची नक्कल, जन्मदाखला उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र, वयाने मोठ्या असलेल्या मामेभावाचे प्रतिज्ञापत्र आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे स्वतंत्र प्रतिज्ञापत्र, एवढे सारे इंग्रजी भाषांतरासह जोडावे लागले. एका एजंटाने हव्या त्या तारखेचा ‘जुना’ दाखला आणून देण्याची तयारी दाखविली होती. दोघांनीही ती नाकारली. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रियेची, म्हणजे खोटा लेख तयार करण्याची, गणना केली आहे. दशलक्षण पर्वात दरवर्षी ते प्रवचन ऐकणाऱ्यांना वेगळे सांगावे लागले नाही.

पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्र त्या मानाने सुलभ गेले. ते पोलीस ठाण्यात नव्हे, तर पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळते, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर अर्ज, पाचशे रुपये शुल्क, ठरलेल्या दिवशी मूळ कागदपत्रांसह हजेरी. सप्टेंबर 2022 पासून टपाल कार्यालयातील पासपोर्ट केंद्रांवरही ही सोय झाल्याने दूरच्या फेऱ्या वाचतात. पासपोर्टवरील पत्ता बदललेला असेल तर पोलीस चौकशी नव्याने होते. परदेशात राहिलेल्यांना मात्र तेथीलही प्रमाणपत्र लागते. अमेरिकेत काही वर्षे नोकरी करून कॅनडात स्थायिक होऊ पाहणाऱ्या तरुणांना एफबीआयचा दाखला मिळवावा लागतो. कारण गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने वा अधिक काळ जेथे वास्तव्य झाले, त्या देशाचा दाखला कॅनडा मागते. त्यासाठी शाईने कार्डावर उमटविलेले ठसे आजही चालतात. ठसा पुसट आला तर कार्ड परत येते आणि महिने वाया जातात, तेव्हा एका वेळी दोन-तीन कार्डांवर ठसे घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

अण्णांचे प्रमाणपत्र निष्कलंक आले. मुलीने फोनवर आनंद व्यक्त केला आणि अर्जातील उरलेले प्रश्न भरावयास घेतले. ‘आपणांस कधी अटक झाली आहे काय?’ या प्रश्नावर तिने वाचता वाचताच ‘नाही’ म्हटले. पलीकडून काही क्षण आवाज आला नाही. मग अण्णा म्हणाले, “तिथं ‘हो’ लिही.”

हकिकत 1998 ची. भागीदारीच्या दुकानातून दिलेला एक धनादेश न वटता परत गेला. भागीदाराने रक्कम उचललेली होती, सही मात्र अण्णांची. 1 एप्रिल 1989 पासून लागू झालेल्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 नुसार असा धनादेश परत जाणे हा फौजदारी अपराध आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. धंद्याच्या ओढाताणीत एक तारीख चुकली, न्यायालयाने वॉरंट काढले आणि एके सकाळी दोन शिपाई दारात उभे राहिले. दुपारपर्यंत जामीन झाला. तीन वर्षांनी अक्कांच्या पाटल्या विकून पूर्ण रक्कम चुकती केली, फिर्याद मागे घेण्यात आली, मुक्तता झाली. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती व सुटीसाठी आजोळी गेली होती. तिला कुणी काही सांगितले नाही. पुढेही नाही.

येथे एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे, कारण व्यापारी कुटुंबांत त्याबाबत मोठा गोंधळ आढळतो. कर्ज थकणे, जामीनदार म्हणून नोटीस येणे, वसुलीचा दिवाणी दावा होणे या बाबी पोलीस प्रमाणपत्रात येत नाहीत. त्या गुन्हा नव्हेत. कलम 138 चे प्रकरण फौजदारी असले, तरी ते खासगी फिर्यादीवर चालते. पोलिसांत गुन्हा नोंदलेला नसल्यामुळे ठाण्याच्या दप्तरात त्याचा मागमूस बहुधा राहत नाही. म्हणजे प्रमाणपत्र स्वच्छ येऊनही अर्जातील प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असू शकते. प्रकरण प्रलंबित असेल तर गोष्ट आणखी वेगळी. तेव्हा वकिलाचा सल्ला आधी, अर्ज नंतर.

“अण्णा, पंचवीस वर्षं झाली. कुणाला कळणार आहे?” मुलीने विचारले. व्यवहाराच्या दृष्टीनेही तो प्रश्न चुकीचा होता. अमेरिकी कायद्यात जुन्या, मिटलेल्या प्रकरणापेक्षा ते दडविणे अधिक घातक ठरते. महत्त्वाची बाब जाणूनबुजून खोटी सांगितल्याचे सिद्ध झाल्यास प्रवेशाचा मार्ग कायमचा बंद होऊ शकतो. परंतु अण्णांनी कायद्याचा दाखला दिला नाही. “मला कळतंय की,” एवढेच ते म्हणाले. त्या रात्री मुलीने आईला पुन्हा फोन केला. बोलणे पाटल्यांविषयी झाले, अर्जाविषयी नाही.

मग सुरू झाली निकालाच्या नकलेची शोधाशोध. न्यायालयातील मूळ कागद मुदत संपल्याने नष्ट झालेले होते. नोंदवहीतील एका ओळीवरून प्रमाणित उतारा मिळण्यास सात आठवडे आणि चार फेऱ्या लागल्या. त्याचे इंग्रजी भाषांतर आणि घटनेचे एक पानी निवेदन अर्जासोबत गेले.

मुंबईत मुलाखतीपूर्वी ठसे देण्याच्या केंद्रावर अण्णांचे काम चटकन झाले; अडल्या त्या अक्का. भांडी, राख, पापडाचे पीठ आणि पन्नास वर्षांची हळद यांनी त्यांच्या बोटांवरील रेषा जवळजवळ पुसून टाकल्या होत्या. गर्भात असतानाच तयार होणाऱ्या या रेषा जन्मभर बदलत नाहीत, पण झिजतात. रेशन दुकानातील यंत्रावर किंवा हयातीच्या दाखल्याच्या वेळी वृद्धांना याचा अनुभव येतोच. कॅपेसिटाबिन हे कर्करोगावरील औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या बोटांवरील ठसे तर उमटेनासे होतात; अशांनी डॉक्टरांचे पत्र जवळ बाळगावे. मेंदी लावल्याने सहसा अडत नाही, ताजी जखम किंवा भाजल्याचा व्रण मात्र अडतो. केंद्रावरील तरुणीने अक्कांची बोटे ओल्या कपड्याने पुसली, स्वतःच्या हाताने हलकेच दाबून धरली. चौथ्या खेपेस यंत्राने ती स्वीकारली. आदल्या आठवड्यात रोज रात्री हातांना तेल चोळले असते तर कदाचित दुसऱ्याच खेपेस जमले असते.

वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासाच्या खिडकीपाशी अधिकाऱ्याने सत्य सांगण्याची शपथ दिली, बोटे पुन्हा एकदा काचेवर ठेवून घेतली आणि अण्णांपुढील कागद उलटत तो एका पानाशी थांबला. धनादेश कशाचा होता, रक्कम कोणी भरली, एवढे दोनच प्रश्न त्याने विचारले. दुसऱ्या प्रश्नाला अण्णांनी शेजारी उभ्या असलेल्या अक्कांकडे हात केला. अधिकाऱ्याने उताऱ्याची प्रत फाइलला लावली आणि पासपोर्ट ठेवून घेतले.

व्हिसा हाती आल्यावर अमेरिकेत दाखल होण्यास सहसा सहा महिन्यांची मुदत असते. दोघांनी अनंत चतुर्दशीनंतरची तिकिटे काढली. सामानात अक्कांनी हळदीचे पुडे आधी भरले. कागदांची पिशवी मात्र अण्णांनी स्वतःजवळ ठेवली, तो उतारा सर्वांत वर.