शेतमालाच्या व्यवहारात शब्दार्थांची शिस्त

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा हे तालुक्याचे ठिकाण असून परिसरातील कापूस, सोयाबीन, तूर व हरभरा या पिकांची ती एक महत्त्वाची बाजारपेठ आहे. येथील शेतमालाची नोंद एकाच ठिकाणी होत नाही. पिकाची नोंद महसूल खात्याच्या दप्तरी असते. आवक व भाव यांची नोंद कृषी उत्पन्न बाजार समितीत होते, कर्जाची नोंद सेवा सहकारी संस्थेत व बँकेत, तर हमीभावाने झालेल्या खरेदीची नोंद खरेदी केंद्रावर केली जाते. या बहुतेक सर्व नोंदी आता संगणकावर आल्या आहेत. त्या परस्परांशी जोडल्या गेल्या, तर शेतकऱ्याचे हेलपाटे वाचतील व योजनांचा लाभ योग्य व्यक्तीपर्यंत वेळेवर पोहोचेल, ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र नोंदी जोडण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळणे आवश्यक असते. निरनिराळ्या दप्तरांत वापरलेला एकच शब्द सर्वत्र एकाच अर्थाने वापरलेला आहे काय?

या प्रश्नाचा पद्धतशीर विचार करणारी एक शाखा संगणकशास्त्रात गेल्या काही दशकांत विकसित झाली आहे. इंग्रजीत तिला 'ऑन्टॉलॉजी' हे नाव आहे. तत्त्वज्ञानात या शब्दाचा अर्थ 'सत्ताशास्त्र', म्हणजे जगात मुळात कोणत्या प्रकारच्या गोष्टी अस्तित्वात आहेत याचा विचार, असा होतो. संगणकाच्या क्षेत्रात तो अधिक मर्यादित अर्थाने घेतला जातो. एखाद्या व्यवहारात कोणकोणत्या वस्तू, व्यक्ती व घटना येतात, त्यांचे परस्परसंबंध काय आहेत आणि त्यांना कोणते नियम लागू होतात, याची सर्वांनी मान्य केलेली व संगणकालाही वाचता येईल अशी लेखी मांडणी, असा तो अर्थ होय. टॉम ग्रुबर या अमेरिकन संशोधकाने १९९३ साली या कल्पनेची जी व्याख्या केली, ती पुढे सर्वत्र आधारभूत मानली गेली. प्रस्तुत लेखात या मांडणीस 'संकल्पनारचना' असे म्हटले आहे.

परंपरेतील पूर्वसूरी

वस्तूंचे वर्ग पाडून विचार करण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. वैशेषिक दर्शनाने द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय व अभाव असे सात पदार्थ मानले. वस्तू वेगळी, तिचा गुण वेगळा आणि त्या दोहोंमधील संबंध हाही स्वतंत्रपणे विचारात घ्यावयाचा विषय आहे, हा त्यातील विवेक आजच्या संकल्पनारचनेलाही उपयोगी पडणारा आहे.

राज्यकारभाराच्या क्षेत्रात शिवकालीन 'राज्यव्यवहारकोश' हे ठळक उदाहरण आहे. त्यात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले, हे सर्वश्रुत आहे. त्या कोशाची रचना विषयवार असून राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग असे दहा वर्ग त्यात केलेले आहेत, ही गोष्ट मात्र तितकीशी लक्षात घेतली जात नाही. पण्यवर्ग म्हणजे व्यापारी मालाचा वर्ग. विसाव्या शतकात बडोदे संस्थानाने 'सयाजी शासन कल्पतरू' हा बहुभाषिक कोश सिद्ध केला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० साली भाषा संचालनालय अस्तित्वात आले व १९६४ चा राजभाषा अधिनियम संमत झाला. पदनाम कोश, शासन व्यवहार कोश व विविध शास्त्रांचे परिभाषा कोश ही याच कार्याची फळे होत.

कोशामुळे शब्दाला प्रतिशब्द मिळतो. संकल्पनारचना त्यापुढे एक पाऊल टाकते. त्या शब्दाने दर्शविलेली गोष्ट इतर गोष्टींशी कोणत्या नात्याने बांधलेली आहे, हे ती सांगते.

कापूस, रुई आणि खंडी

ही बाब देऊळगाव राजा परिसरातील नेहमीच्या व्यवहारावरून स्पष्ट होईल. शेतातून वेचून आणलेला तो कापूस. जिनिंगमध्ये त्याची सरकी वेगळी केली की रुई मिळते आणि रुई दाबून गाठी बांधतात. एका गाठीचे वजन सामान्यतः १७० किलो धरतात. केंद्र शासनाचा हमीभाव कापसाला असतो व तो क्विंटलवर सांगितला जातो. व्यापारी बाजारात रुईचा भाव खंडीवर सांगतात आणि ही खंडी सुमारे ३५६ किलोंची असते. इंग्रजीत कापूस व रुई या दोहोंनाही अनेकदा एकच शब्द वापरला जातो. त्यामुळे भाषांतरित बाजारवृत्तात 'कापूस खंडीला अमुक रुपये' असे वाचावयास मिळते.

समजा, रुईचा भाव खंडीला ५५,००० रुपये आहे. त्यास ३५६ ने भागून शंभरने गुणले, तर क्विंटलला सुमारे १५,४५० रुपये येतात. हाच कापसाचा भाव असे एखाद्याने मानले, तर आपली घोर फसवणूक होत आहे असा त्याचा ग्रह होईल. प्रत्यक्षात एक क्विंटल कापसापासून साधारणतः ३४ किलो रुई निघते. तिची किंमत सुमारे ५,२५० रुपये होते. सरकी ६४ किलो व तिचा दर किलोस ३० रुपये धरल्यास आणखी १,९२० रुपये मिळतात. म्हणजे एकूण ७,१७० रुपये होतात व त्यातून जिनिंगचा आणि इतर खर्च वजा जातो. याच हिशेबाचा दुसरा उपयोगही आहे. रुईचा उतारा व सरकीचा दर ठाऊक असलेला शेतकरी मिळत असलेला भाव वाजवी आहे की नाही, हे स्वतः पडताळून पाहू शकतो.

संकल्पनारचनेत ही माहिती अशी मांडतात : 'कापूस' हा शेतमालाचा प्रकार आहे, 'रुई' ही कापसापासून तयार होते, 'सरकी' हीही कापसापासून वेगळी होते, 'गाठ' हे रुईचे परिमाण आहे, 'हमीभाव' हा कापसाला लागू होतो. येथे 'चा प्रकार आहे' व 'पासून तयार होते' ही दोन नाती कटाक्षाने वेगळी ठेवलेली आहेत. प्रकाराला मूळ वर्गाचे नियम आपोआप लागू होतात, परंतु तयार झालेल्या वस्तूला ते लागू होत नाहीत. तुरीचा हमीभाव तूरडाळीला लागत नाही, तो याच कारणाने. माणसाला हे न सांगताही कळते. संगणकाला मात्र ते स्पष्टपणे सांगावे लागते. अन्यथा तो चुकीची बेरीज अचूकपणे करीत राहतो.

'शेतकरी' कोणाला म्हणावे?

वस्तूंपेक्षा व्यक्तींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक होय. त्यावर जमिनीच्या हक्काची नोंद असते. गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही होय. आठ-अ हा खातेदाराच्या जमिनींचा उतारा होय. पीएम-किसान योजनेत पती, पत्नी व अज्ञान मुले मिळून एक शेतकरी कुटुंब मानले आहे. कर्जाच्या दप्तरात शेतकरी हा सभासद किंवा कर्जदार म्हणून येतो, तर बाजार समितीत तो विक्रेता म्हणून येतो.

आता पुढील परिस्थिती विचारात घ्यावी. जमीन सासऱ्याच्या नावे आहे, मुलगा कामानिमित्त पुण्यास आहे आणि शेती प्रत्यक्षात सून करते. किंवा जमीन एकाची आहे व ती बटईने अथवा ठोक्याने दुसराच कसतो. ज्या संगणकप्रणालीत 'शेतकरी म्हणजे खातेदार' असे गृहीत धरले असेल, तिच्यात ती सून किंवा तो बटईदार यांना स्थानच नाही. पीक त्यांनी घेतले, नुकसान त्यांचे झाले, तरी यादीत नाव दुसऱ्याचे येते. हा दोष कोणा कर्मचाऱ्याच्या हयगयीमुळे निर्माण होत नाही. दोन भिन्न संकल्पना एका शब्दात कोंबल्या गेल्यामुळे तो निर्माण होतो.

संकल्पनारचनेत 'व्यक्ती' व 'भूमिका' यांची फारकत केली जाते. व्यक्ती एकच असते. तीच एका नात्याने खातेदार, दुसऱ्या नात्याने कसणारी, तिसऱ्या नात्याने विक्रेती व चौथ्या नात्याने संस्थेची सभासद असू शकते. प्रत्येक भूमिकेला प्रारंभ व शेवट असतो. अशा मांडणीत योजनेचा निकष कोणत्या भूमिकेला लागू आहे, हे धोरण ठरविणाऱ्यांना स्पष्टपणे लिहावे लागते. लाभ कोणाला द्यावयाचा हा निर्णय शासनाचाच राहतो. परंतु तो शब्दाच्या संदिग्धतेमुळे अनवधानाने घेतला जात नाही.

गावांच्या नावांचेही असेच आहे. बुलढाणा जिल्ह्यातच देऊळगाव राजा, देऊळगाव मही व देऊळगाव साकर्शा अशी गावे आहेत. 'देऊळगाव' एवढ्याच नोंदीवरून गाव निश्चित होत नाही. 'गाव' व 'गांव' अशा लेखनभेदांची त्यात भर पडते. यास्तव केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावास स्वतंत्र संकेतांक दिलेला आहे. नाव कसेही लिहिले तरी संकेतांक एकच राहतो.

अन्यत्र झालेले प्रयत्न

उद्योगव्यवहाराचे ज्ञान या पद्धतीने मांडण्याचे प्रयत्न १९९० च्या दशकात कॅनडातील टोरांटो व स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील विद्यापीठांत झाले. कामगार, काम, साधनसामग्री, खर्च, ग्राहक यांसारख्या संकल्पनांच्या नेमक्या व्याख्या तेथील संशोधकांनी केल्या. टोरांटोच्या संशोधकांनी घालून दिलेला एक दंडक आजही पाळला जातो. या रचनेने कोणत्या प्रश्नांची उत्तरे दिली पाहिजेत, त्यांची यादी प्रथम करावी व रचना पूर्ण झाल्यावर त्याच प्रश्नांनी तिची परीक्षा घ्यावी. पुढे वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २००४ साली संकल्पनारचना लिहिण्याची एक प्रमाणभाषा मान्य केली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा 'अॅग्रोव्होक' हा शब्दसंग्रह कृषिविषयक संकल्पना हिंदीसह अनेक भाषांत परस्परांशी जोडतो.

आपल्या देशात राष्ट्रीय कृषी बाजार, म्हणजे 'ई-नाम', १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाला. दूरच्या व्यापाऱ्याने माल न पाहता बोली लावावयाची, तर मालाचे नाव, प्रत व ओलावा यांचा अर्थ दोन्ही ठिकाणी एकच असला पाहिजे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली व शेतकरी स्वतः पिकाची नोंद करू लागले. नोंद करणारे हात वाढले की शब्दांच्या एकवाक्यतेची गरजही वाढते.

स्थानिक पातळीवरील कार्य

संगणकीय रचना तज्ज्ञ करतील. तिच्यातील आशय मात्र व्यवहार जाणणाऱ्यांनीच पुरवावयाचा असतो. अडते, हमाल, मापाडी, ग्राम महसूल अधिकारी, संस्थेचे सचिव व अनुभवी शेतकरी यांच्याजवळ हे ज्ञान आहे. ते बहुतांशी तोंडी आहे व पिढीबरोबर नाहीसे होण्याचा धोका आहे.

या कामी पंचायत सदस्यांना व अधिकाऱ्यांना पुढील गोष्टी करता येतील. आपल्या कार्यालयात वापरल्या जाणाऱ्या वीस-पंचवीस महत्त्वाच्या शब्दांची यादी करावी. प्रत्येक शब्दापुढे तो कशासाठी वापरतात, कशासाठी वापरीत नाहीत व कोणत्या परिमाणात मोजतात, हे लिहावे. तीच यादी दुसऱ्या कार्यालयाच्या यादीशी ताडून पाहावी. जेथे फरक आढळेल, तेथे कोणा एकाचा अर्थ दुसऱ्यावर न लादता दोन अर्थांना दोन नावे द्यावीत. शिक्षकांना हाच पाठ वर्गात घेता येईल. खंडी, मण, पायली, एकर, गुंठा व हेक्टर-आर यांचे संबंध, तसेच कापसापासून कापडापर्यंतची नाती विद्यार्थ्यांनी आपल्या घरून माहिती आणून फळ्यावर मांडली, तर गणित, भाषा व परिसर अभ्यास यांचा सुरेख मेळ बसेल.

१८९७ साली वऱ्हाडात कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, तेव्हा बाजारातील वजन व माप यांत शिस्त आणण्याचा प्रश्न होता. १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन अधिनियमाने ती शिस्त राज्यभर दृढ केली. वजनकाटा खरा आहे की नाही, हे शेतकरी आज तपासून घेतो. आपल्या मालाची व आपल्या नावाची नोंद कोणत्या अर्थाने झाली आहे, हेही त्याला तितक्याच सहजपणे तपासता आले पाहिजे. तशी सोय करून देणे हे गावोगावच्या दप्तरांचे यापुढील कर्तव्य आहे.