समुद्राच्या तळाचा गाळ आणि आपला युरिया



गटाच्या बैठकीत एका वहिनींनी विचारलं, "ताई, पावसात वाहून गेलेला युरिया शेवटी जातो कुठं?" तेच आज सांगते.

आपलं पाणी नाल्यातून पांझरेत, पांझरेतून तापीत आणि सुरतजवळ अरबी समुद्रात जातं. वाटेत उकाई धरण आहे, तरी पाण्यात विरघळलेलं काही खत पुढं जातंच.

समुद्रात काय होतं? पावसाळ्यात गोवा-कर्नाटकच्या किनाऱ्याजवळ खोल समुद्रातलं गार, कमी प्राणवायूचं पाणी वर येतं. त्यावर पावसाचं हलकं, गोडं पाणी पसरतं. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं! वरची हवा खाली पोचत नाही. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती भराभर वाढतात, मरतात, तळाशी जाऊन कुजतात. कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपतो.

मासे पळून जातात. गाळातले जीवाणू मात्र तिथंच राहतात, कारण त्यांच्यातल्या अनेकांना प्राणवायूशिवाय जगता येतं. आपल्या गोबरगॅसच्या टाकीतही असेच जीवाणू असतात. समुद्रातले जीवाणू आधी नायट्रेट वापरतात. युरियाचं मातीत शेवटी नायट्रेटच होतं. त्यातून बराचसा साधा नायट्रोजन वायू निघतो, पण थोडा नायट्रस ऑक्साइडही निघतो. तो वजनाला वजन धरलं, तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट पृथ्वी तापवतो.

नायट्रेट संपलं की जीवाणू लोहाकडे वळतात. लोहाला चिकटून बसलेलं फॉस्फेट मग सुटतं, वर येतं आणि त्या सूक्ष्म वनस्पतींना पुन्हा खत मिळतं. शेवटी पाळी येते सल्फेटची. खाऱ्या पाण्यात ते भरपूर असतं. त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. गटारातला काळा गाळ काठीनं ढवळला की सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, तोच हा वायू. माशांना तो विषारी आहे.

1999 मध्ये गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना पावसाळा सरताना किनाऱ्याजवळच्या तळाच्या पाण्यात हा वायू सापडला. डॉ. नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली ते जगापुढं मांडलं. प्राणवायू कमी होणं तिथं मुळात नैसर्गिकच आहे. पण जमिनीवरून येणाऱ्या खतामुळं ते वाढत असावं, असं त्यांनी सांगितलं.

म्हणजे सगळा दोष आपल्या कपाशीचा नाही. पण बाजारातून आणलेली सुकट ज्या कोळणीनं वाळवली, तिचं पोट त्याच पाण्यावर चालतं.

आपल्या हातात काय आहे? माती तपासून खत द्या. युरिया एकदम न टाकता दोन-तीन हप्त्यांत द्या. मोठा पाऊस येणार असेल तर थांबा. बांध नीट ठेवा. वाहून गेलेला युरिया म्हणजे वाहून गेलेले आपलेच पैसे, बहिणींनो.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं सांगायचं, यंदा किती गोण्या टाकल्या आणि कधी. वहीत लिहून आणा. नमस्कार!