नळाचे पाणी आणि वरच्या अंगाची शेती

गोदावरीच्या प्रदूषणाची चर्चा निघाली की नाशिककरांच्या डोळ्यांपुढे रामकुंड, सांडपाण्याचे नाले आणि पाणवेलींनी भरलेले पात्र येते. ते स्वाभाविकही आहे. परंतु शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा हिस्सा ज्या गंगापूर धरणातून येतो, ते शहराच्या वरच्या अंगाला आहे. ब्रह्मगिरीच्या परिसरातील भात-नागलीची खाचरे आणि गिरणारे भागातील टोमॅटो व द्राक्षांचे मळे अशा शेतशिवारांवर पडलेला पाऊस ओढ्या-नाल्यांतून खाली येतो. त्यामुळे नळाच्या पाण्याची गुणवत्ता काही अंशी बांधावरच ठरते.

पहिल्या जोरदार पावसात उघड्या उतारांवरची माती वाहून जाते. तिच्याबरोबर स्फुरद जातो आणि तो साठलेल्या पाण्यात शेवाळ वाढवतो. पिकाने न उचललेले नत्र नायट्रेटच्या रूपाने पाण्यात उतरते. तुरटी, वाळूची गाळणी आणि क्लोरीन यांमुळे गाळ व रोगजंतू आवरतात. विरघळलेले नायट्रेट आणि अनेक कीटकनाशके मात्र त्यातून पार होतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक असू नये. म्हणूनच ते मुळाशी रोखणे शहाणपणाचे.

उपाय अवघड नाहीत. नाल्याकाठी गवताचा पट्टा राखणे, समपातळी बांध घालणे, माती परीक्षणानुसार ठिबकमधून खत देणे, फवारणीचे पंप ओढ्यात न धुणे. प्रश्न आहे तो खर्चाचा. दोन-तीन एकरांच्या धन्याने शहरासाठी चार गुंठे पडीक का ठेवावेत? धरणांसाठी याच पट्ट्यातील गावांनी आपल्या जमिनी दिलेल्या आहेत. त्यांना आता नुसता उपदेश केला तर तो कोण ऐकणार?

न्यूयॉर्क शहराने १९९७ च्या करारान्वये या प्रश्नाला उत्तर दिले. कॅट्सकिल डोंगरातील शेतकऱ्यांनी शेणखताची साठवण आणि ओढ्याकाठची कुंपणे सुधारावीत, सहभाग ऐच्छिक असावा आणि खर्च शहराने सोसावा, असे ठरले. नियोजनात शेतकऱ्यांच्याच मंडळाला स्थान मिळाले. त्यामुळे शहराला प्रचंड खर्चाचा गाळण प्रकल्प टाळता आला.

नाशिकला इतक्या दूर पाहण्याचीही गरज नाही. दिंडोरी तालुक्यातील वाघाड प्रकल्पावर ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने, नव्वदच्या दशकाच्या आरंभी पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून मिळाले, वाटपाचा अधिकार हाती आला, तेव्हा शेतकऱ्यांनी कालवे आणि पाणीपट्टी दोन्ही सांभाळली. राज्याने २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदाही केला. दुसरा धडा द्राक्षांचा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे युरोपने नाशिकची द्राक्षे नाकारली आणि उत्पादकांना मोठा फटका बसला. निर्यातीसाठी पिकवणारा बागायतदार आज प्रत्येक फवारणीची नोंद ठेवतो.

परदेशी ग्राहकासाठी जी काळजी घेतली जाते, ती खालच्या शहरासाठीही घेतली जाऊ शकेल. त्यासाठी पाणीपट्टीतील काही वाटा वरच्या अंगाच्या गावांच्या संस्थांकडे वळवावा आणि ओढ्यांच्या पाण्याची तपासणी त्यांच्यासमक्ष व्हावी. पाणी वापरणाऱ्याने ते राखणाऱ्याचे देणे मान्य करावे, एवढीच अपेक्षा आहे.