गाडी चालू होईना? आधी ऐका, मग पाहा

आज बोलायचं आहे गाडीबद्दल. गाडी पुरुषांनी बघायची, असं म्हणून रेडिओ बंद करू नका. कर्जाचा हप्ता आपला गट भरतो, तर गाडीचं दुखणंही आपल्याला कळलं पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाची जुनी पिकअप पहाटे दारातच अडली. मागे टोमॅटोचे 50 क्रेट, जायचं नारायणगावच्या बाजारात. चावी फिरवली की नुसतं 'कट्' व्हायचं. मेस्त्री म्हणाला, "डिझेल पंप उतरवावा लागेल." म्हणजे गटाची कित्येक महिन्यांची बचत गेली! तेवढ्यात आमच्यातल्या एकीचे सासरे आले. ते एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी बॅटरीची तार हलवून पाहिली, तर ती ढिली. घट्ट केली आणि गाडी चालू झाली. मग मामंजींनी आम्हा सगळ्यांना बसवून जे शिकवलं, तेच आज सांगते.

डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी ठिणगी नसते. आत हवा जोरात दाबली जाते, ती तापते आणि तिच्यात डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेटतो. म्हणून तीन गोष्टी लागतात: इंजिन वेगाने फिरवणारा सेल्फ, डिझेल आणि हवा. बिघाड यांतल्या कशात आहे, एवढंच शोधायचं.

पहिला प्रश्न : सेल्फ फिरतो का? नुसतं 'कट्' होतंय किंवा इंजिन रडत रडत फिरतंय, तर समोरचे दिवे लावून चावी फिरवा. दिवे मंद झाले, तर दोष बॅटरीत किंवा तिच्या तारांत. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल, तर ती साफ करावी लागते. तारा काढताना आधी वजा खुणेची, लावताना तीच शेवटी. जवळ काडी-विडी पेटवू नका. दिवे लख्ख राहिले आणि तरी नुसतं 'कट्' झालं, तर सेल्फ किंवा त्याची तार दाखवून घ्या.

दुसरा प्रश्न : सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही? मग एकीने सायलेन्सरकडे पाहावं. धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल आत पोचतच नाही. टाकी रिकामी आहे का, फिल्टर तुंबलाय का, रबरी नळीला चीर पडून लाइनीत हवा शिरलीय का, ते पाहा. पांढरा धूर येतोय, म्हणजे डिझेल पोचतं, पण पेटत नाही. थंडीच्या सकाळी असं झालं, तर हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारा. एका वेळी 10-15 सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फ जळेल आणि बॅटरीही बसेल.

तिसरा प्रश्न : चालती गाडी बंद पडली, ती कशी? आचके देत, दम तोडत बंद पडली, तर बहुधा डिझेल अडतंय. फिल्टरच्या तळाचं थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढा. पाणी असेल, तर ते खाली बसलेलं दिसेल. टाकीचं झाकण उघडताना 'फुस्स' करून हवा आत ओढली गेली आणि मग गाडी नीट चालली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. दिव्याचं बटण दाबावं तशी झटक्यात बंद पडली, तर विजेचा दोष शोधा. अनेक जुन्या गाड्यांत डिझेल बंद करणारा एक विजेचा झडप-खटका पंपावर असतो. त्याची तार सुटली की डिझेल थांबतं.

याच्या उलटही होतं. चावी काढली तरी इंजिन चालूच राहतं. तेव्हा घाबरू नका. हँडब्रेक ओढा, पायाने ब्रेक घट्ट दाबून धरा, वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा. इंजिन गचका खाऊन बंद पडेल. गाडीपुढे कुणी उभं राहू नये.

एक ताकीद : इंजिनाच्या लोखंडी डिझेल नळ्या आपण सोडायच्या नाहीत. नव्या गाड्यांत तर मुळीच नाही. तिथला फवारा कातडी भेदून आत जातो. हे काम मेस्त्रीचंच.

मेस्त्रीवर अविश्वास ठेवा, असं मी म्हणत नाही. पण त्याला नुसतं "गाडी बंद पडली" सांगू नका. "सेल्फ फिरतो, धूर येत नाही, कालच डिझेल भरलंय," असं सांगा. त्याचा वेळ वाचेल, आपले पैसे वाचतील. आम्ही आता गटाच्या वहीत हिशोबाशेजारी गाडीचं पान ठेवलंय. त्यात फिल्टर कधी बदलला, बॅटरी कधी घेतली आणि गाडी कधी, कशी अडली, ते लिहितो. पुढच्या बैठकीत तुम्हीही असं एक पान सुरू करा.