निर्बंधांची झळ कोणाला?

रमजानमध्ये पोशीरच्या घराघरांत इफ्तारला खजूर लागतो. मुंबईच्या बाजारातून येणाऱ्या या मालात इराणी खजूरही असतो. त्याच इराणचे तेल घेणे मात्र भारताने मे २०१९ मध्ये थांबवले, कारण अमेरिकेने दिलेली सवलत संपली होती.

२०१२ पासून या तेलाच्या किमतीचा काही भाग युको बँकेत रुपयांत जमा होई. त्या रुपयांतून इराण आपल्याकडचा तांदूळ, चहा, औषधे घेई. तेल थांबताच हे खाते आटत गेले आणि बासमतीच्या व्यापाऱ्यांची चिंता वाढली.

मग निर्बंध उपयोगी पडतात का? इराकवर ते ऑगस्ट १९९० मध्ये आले. जनता वर्षानुवर्षे रेशनवर जगली, औषधांना तरसली. सद्दाम हुसेन मात्र सत्तेवरच राहिले. त्यांना हटवले ते २००३ च्या युद्धाने.

इराणच्या बाबतीत थोडे वेगळे घडले. तेलविक्री घटल्यावर वाटाघाटींना वेग आला आणि २०१५ मध्ये अणुकरार झाला. मागणी मर्यादित होती आणि ती मान्य केल्यास निर्बंध उठणार होते. २०१८ मध्ये अमेरिकाच करारातून बाहेर पडली. पुढे इराणने युरेनियमचे समृद्धीकरण ६० टक्क्यांपर्यंत नेले.

थोडक्यात, निर्बंधांनी कधी करार घडतो, सत्ता क्वचितच बदलते. झळ मात्र सर्वांत आधी गरिबाच्या चुलीला लागते. मुलांना बातम्या समजावताना एवढे जरूर सांगावे.